स्ट्रॉबेरीच्या टोप्या

महाबळेश्वरच्या बाजारात लहान मुलांच्या डोक्यावर एक लाल लोकरीची टोपी दिसते. वर हिरवी पानं, अंगावर पांढरे ठिपके आणि टोकाला वळलेला हिरवा देठ. घाट चढून आलेल्या माणसांना गाडीतून उतरल्यावर थंडी वाजायला लागली, की आधी पोरांच्या कानांची काळजी वाटते, आणि तेवढ्यात ही टोपी नजरेला पडते. त्यातल्या बऱ्याच टोप्या माझ्या हातच्या आहेत. मी साताऱ्यात राहते. खरं सांगायचं तर मला स्ट्रॉबेरी आवडत नाही, आंबट लागते.

विणायला मी लग्नानंतर शिकले. आमचं गाव वडूजच्या बाजूचं. तिथं मेंढरांची लोकर असते, पण ती घोंगड्याला. सुया घेऊन स्वेटर विणत बसलेली बाई मी गावात कधी पाहिली नव्हती. नवरा फौजेत. पहिल्यांदा त्यांना कुटुंबासाठी क्वार्टर मिळालं ते पार उत्तरेला. तिथं दुपारी सगळ्या बायका उन्हात खाटा टाकून विणत बसायच्या. मला हिंदी येत नव्हती. कुणी हसलं की मीही हसायचे, आणि कुणी विचारलं की खाली बघायचे. शेजारच्या पहाडी बाईनं एक दिवस माझ्या हातात सुया दिल्या आणि सुलट टाका, उलट टाका हातानंच दाखवला. मला बरं वाटलं, कारण खाली बघायला काहीतरी मिळालं. बोलता येत नव्हतं म्हणून मी विणायला लागले, एवढीच माझी कला.

नंतर नवऱ्याच्या बदल्या पुढच्या चौक्यांवर व्हायला लागल्या. तिथं कुटुंब नेता येत नव्हतं, म्हणून मी मुलीला घेऊन साताऱ्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मुलीच्या अंगातला स्वेटर बघून शाळेतल्या एका बाईंनी विचारलं, मग दुसरीनं, आणि कामं येत गेली. पगार घरी यायचा, पण तो ठरलेल्या वाटांनी निघून जायचा. सुयांचे पैसे वरचे. त्या वरच्या पैशात मुलीच्या सहली झाल्या, मिक्सर आला, ती कॉलेजला गेली, पुढं या फ्लॅटच्या हप्त्यालाही हातभार लागला. ते पैसे हातात आले की माझी छाती भरून यायची. ते मी नाकारत नाही.

टोपीचं खूळ मात्र दुकानदाराचं. स्वेटरांची पिशवी घेऊन मी पहिल्यांदा महाबळेश्वरला गेले, तेव्हा त्यानं स्वेटर उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "काकू, काम सुंदर आहे, पण लुधियानाचा माल याच्या निम्म्यात येतो. इथलं काहीतरी करा ना." आणि समोर पडलेला स्ट्रॉबेरीचा खोका माझ्याकडे सरकवला. दुकानाच्या मागच्या पायरीवर बसून मी तिथल्या तिथं पिशवीत उरलेल्या लाल लोकरीचे टाके घातले. संध्याकाळच्या एसटीच्या आत टोपीचा आकार झाला होता. त्यानं ती स्वतःच्या मुठीवर चढवून बघितली आणि लहान पोरासारखा हसला. त्या दिवसापासून मी लाल लोकर विणते आहे.

किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. लाल लोकरीचे तंतू माझ्या घरात कुठं नाहीत ते विचारा. आमटीत निघतात, उशीत निघतात, एकदा देवाच्या वातीत निघाला. मी लग्नात विणलं, बारशात विणलं, नणंदेच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर विणलं. टीव्हीवरची एकही मालिका मी पूर्ण पाहिलेली नाही, सगळ्या ऐकल्या आहेत. महाबळेश्वरला इतक्यांदा गेले, पण एकही पॉइंट पाहिला नाही. पिशवी दुकानात रिकामी करायची, नवी लोकर भरून घ्यायची आणि खाली येणारी एसटी धरायची. लोक म्हणतात, तुम्ही काय बाई भाग्यवान, सारख्या वर जाता. मी म्हणते, हो ना.

मला सगळ्यात राग येतो तो "घरबसल्या" या शब्दाचा. खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या की सुयांकडे बघून म्हणणार, "किती छान हो, घरबसल्या चार पैसे." जसं काही घरी बसलं की टोप्या आपोआप गळतात. घरी बसून मान धरते, खांदा धरतो, डोळ्यांना चष्मा लागतो आणि कुकरची शिट्टी झाली की ओळ अर्धी सोडून उठावं लागतं. परत येऊन सुरुवातीपासून टाके मोजायचे. पण असं बोलले तर त्या म्हणणार, "मग सोडून द्या की." आणि तेच मला जमत नव्हतं.

आता तुम्हीही विचाराल, का जमत नव्हतं. मुलीचं लग्न झालं, ती इस्लामपूरला सुखात आहे. फ्लॅटचे हप्ते फिटले. नवरा सुभेदार होऊन निवृत्त झाला, पेन्शन येते. पोटासाठी विणायची वेळ कधीच सरली होती. पण "माझ्या हातात कला आहे" हे इतक्या लोकांनी इतक्यांदा म्हटलेलं, की कलेचा कंटाळा आला असं सांगायला तोंड उघडेना. भांडी घासायचा कंटाळा येतो म्हटलं तर कुणी दचकत नाही. विणायचा कंटाळा येतो म्हटलं तर लोक तब्येत विचारतात. मला कुणीतरी बाहेरून, अधिकारानं, पुरे म्हणायला हवं होतं. माझं मला म्हणता येत नव्हतं.

ते म्हटलं माझ्या उजव्या अंगठ्यानं. आधी सकाळी दुखायचा, मग दिवसभर, मग डब्याचं झाकण उघडेना. दिवाळीला मुलगी आली आणि मी पोळी लाटताना लाटणं तळव्यानं ढकलते आहे हे तिनं पाहिलं.

"आई, हे काय करून घेतलंस?" ती म्हणाली. मी काही नाही म्हटलं, पण ती ऐकणाऱ्यातली नाही. दिवाळी झाल्यावर मला बरोबर घेऊन गेली आणि सांगलीला एका हातांच्या डॉक्टरांना दाखवलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी अंगठा मुठीत घालून मनगट खाली वाकवायला सांगितलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"काम काय करता?"

"काही नाही. घरीच असते," मी म्हणाले. इतक्या वर्षांची सवय.

"विणकाम करते," मुलगी म्हणाली. "रोज."

"अच्छा, छंद आहे," डॉक्टर म्हणाले. "छंद आता बंद ठेवा. सुयांना हात लावायचा नाही. मी परत बघेपर्यंत नाही, आणि त्यानंतरही मी सांगितलं तरच."

छंद म्हटल्याचा राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. मी खाली मान घातली. मुलीला वाटलं मी रडते आहे, म्हणून तिनं पाठीवर हात ठेवला. मी हसू लपवत होते. साताऱ्याच्या एसटीत खिडकीजवळ बसले. अंगठ्याला पट्टा बांधलेला, मांडीवर काही नाही. उसाच्या ट्रॉल्या, गुऱ्हाळं, टोलनाका, सगळं बघत आले. या रस्त्यावर एवढी चिंचेची झाडं आहेत हे मला पहिल्यांदा कळलं. जीव भांड्यात पडला होता.

आता सुभेदारांबद्दल सांगायला हवं. घरी मी त्यांना अहो म्हणते, पण इथं कॉलनी म्हणते तसं सुभेदारच म्हणते. फौजेतून आल्यावर त्यांनी काही वर्षं इस्लामपूरकडच्या एका कारखान्यावर सुरक्षेचं काम केलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा तेही सुटलं. तेव्हापासून घरात आहेत आणि घर त्यांना पुरत नाही. पेपर दोनदा वाचतात. पाण्याची टाकी भरली का बघायला तीनदा गच्चीवर जातात. खालच्या वॉचमनला सलामी नीट शिकवायचा प्रयत्न केला, तर त्यानं नोकरी सोडली. वाईट माणूस नाही, पण रिकामा माणूस घरात असला की घराला धाप लागते.

मी सांगलीहून आले आणि डॉक्टरांचं सांगितलं. कोपऱ्यात नाताळच्या गर्दीसाठीचं काम पडलं होतं, अर्ध्या टोप्या झालेल्या आणि अर्ध्याची लोकर पिशवीत. मी म्हटलं, "दुकानदाराला फोन करून सांगते. जमायचं न्हाई म्हून."

"फोन मी करतो," ते म्हणाले. "तू हात हलवू नगंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवपूजा करून बाहेर आले, तर सुभेदार पलंगावर ताठ बसलेले, परेडला उभं राहावं तसे, आणि त्यांच्या हातात माझ्या सुया. सुईवर टाके घातलेले. मला आधी वाटलं गुंता सोडवतायत. मग दिसलं की सुई आत जातेय, लोकर फिरतेय आणि टाका येतोय.

"आवं, हे काय?"

"बंकरमधी शिकलो हुतो," ते मान वर न करता म्हणाले. "एक गढवाली जवान हुता, मोजं इनायचा. बर्फात दुसरं करायला काय हुतं. मला बी शिकवलं."

"मला कवा सांगितलं न्हाई."

"काय सांगायचं? हसली असतीस." मग पुढचा टाका घालत म्हणाले, "दुकानदाराला सांगितलंय, माल येळेवर मिळल."

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला काय वाटलं ते नीट सांगते. राग आला. एवढी वर्षं ज्या माणसाला लोकरीची लडी धरायला सांगितली तर दहा मिनिटांत हात अवघडायचे, त्याला विणता येत होतं. आणि आता, नेमकं आता, त्यानं विणायला घेतलं होतं. मनातून ते माझ्यासाठीच करत होते, ते मला दिसत होतं. म्हणून तर काही बोलता येईना.

पहिल्या टोप्या बघून मला हसू आलं, ते मी आवरलं नाही. सुभेदारांचा हात इतका घट्ट, की टोपी जमिनीवर ठेवली तर हेल्मेटसारखी उभी राहायची. पोराच्या डोक्यावर चढवायची तर पोर रडलं असतं. मी म्हटलं, "लोकर आवळू नगा. टाक्याला बसायला जागा द्या." ते म्हणाले, "ढिलं सोडलं की सुटतंय." मी म्हटलं, "सुटत न्हाई. बगा." आणि पट्टा काढून दोन ओळी विणून दाखवल्या. अंगठ्यातून कळ निघाली ती कोपरापर्यंत गेली.

मग ते रोजचंच झालं. टाका सुटला की सुई घेऊन माझ्याकडे यायचे. पानाचं टोक वळवायचं की माझ्याकडे. पांढरे ठिपके भरायचे ते तर मीच, कारण दाभण धरलं की त्यांना दिसत नाही. डॉक्टरांनी सुयांना हात लावू नका सांगितलं होतं, आणि मी दिवसभर दुसऱ्याच्या सुयांना हात लावत होते. आधी मी फक्त विणायचे. आता मी विणकाम आणि सुभेदार अशा दोन्ही गोष्टी सांभाळत होते.

दाराची बेल वाजली की घरात धावपळ. सुया उशीखाली, लोकर पलंगाखाली आणि सुभेदारांच्या हातात पेपर, तोही कधी कधी उलटा. खालच्या वहिनी एकदा थेट आत आल्या आणि पलंगावरची अर्धी टोपी बघून म्हणाल्या, "अंगठा बांधलाय तरी चालूच? किती आवड हो तुम्हाला." सुभेदारांनी पेपरच्या आडून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनंती होती. त्या माणसानं सीमेवर काय काय पाहिलं असेल, पण वहिनींना हे कळेल म्हणून त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी म्हटलं, "आवड काय सुटते होय." मलाच माझी कीव आली.

महिन्याभरात हात सैल झाला. हे मी मान्य करते, चांगला झाला. त्यांचा प्रत्येक टाका शेजारच्या टाक्यासारखा. ओळीत उभं राहायची सवय असलेल्या माणसाचं विणकाम होतं ते. मला वजन उचलू द्यायचं नाही म्हणून माल घेऊन तेच महाबळेश्वरला गेले. दिवसभर घर शांत होतं. मी दुपारी झोपले. कितीतरी वर्षांनी दुपारी झोपले आणि उठल्यावर क्षणभर कळेना की आज कोणता वार.

संध्याकाळी ते आले ते जिना चढतानाच बोलत आले. गुडघ्यांची तक्रार नाही. चेहरा असा, की मेडल मिळालं तेव्हाही असा नव्हता.

"दुकानदार काय म्हनला ठाऊक हाय? काकूंचा हात या वेळंला लय सारखा आलाय म्हनला. सगळ्या टोप्या एका मापाच्या. मी काय बोललो न्हाई, गप बसलो." पिशवी त्यांनी पलंगावर उपडी केली. लाल लोकरीच्या लड्याच लड्या बाहेर पडल्या. "आता उन्हाळ्याच्या गर्दीचं काम दिलंय. टोप्यांबरूबर हातमोजं पायजेत म्हनला. मी घेतलं. निम्मी लोकर आत्ता, निम्मी मार्चात."

दुकानदाराचं बोलणं मला झोंबलं. इतकी वर्षं माझ्या टोप्या सारख्या नव्हत्या, हे मला पहिल्यांदा कळत होतं. पण ते क्षणभरच. मग पुढचं डोक्यात शिरलं. मी तशीच पलंगाच्या कडेला लोकरीवर बसले.

"तुमाला कुनी सांगितलं घ्यायला?"

"कुनी सांगाया कशाला पायजे? तुजं बंद पडू ने म्हून."

"मला बंदच पाडायचं हुतं."

त्यांना कळलं नाही. लडी हातात धरून तसेच उभे राहिले. "आगं, हात बरा हुईल की. तवर मी हाय."

"हात बरा हुईल म्हून न्हाई म्हनत. मला नगंय. मला इट आलाय या लाल लोकरीचा. कैक वर्सं झाली, इट आलाय."

हे मी मोठ्यानं बोलले. माझा आवाज मला ओळखू आला नाही. सुभेदार खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "तुला आवडतंय की इनायला."

"कुनी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगंल. एवढी वर्सं इनत्येस. न आवडता कोन करंल एवढं?"

"आन तुमी?" मी म्हटलं. "तुमी एवढी वर्सं बर्फात बंदूक घिऊन हुबं ऱ्हायला. आवडत हुतं म्हून?"

हे मी ठरवून बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. बाहेर अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरचा दिवा लागला होता. त्यांनी मान हलवली, नाही अशी. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नव्हता, आणि माझा त्यांनी मला. दोघंही एकमेकांचं कौतुक करत बसलो होतो.

"हे मातर आवडतंय मला," ते हळूच म्हणाले. लोकरीकडे बघून म्हणाले, माझ्याकडे नाही. "दिस जातो. डोकं गप बसतं. तू म्हनत असशील तर परत दिऊन येतो."

त्या क्षणी मी हो म्हणू शकले असते. लोकर परत गेली असती आणि घर पुन्हा पाण्याच्या टाकीभोवती फिरायला लागलं असतं. मी दमले होते. दमलेल्या माणसाला दुसऱ्याकडून काही हिसकावून घ्यायचीही ताकद नसते.

"नका दिऊ परत," मी म्हटलं. "करा तुमी. पन तुमचं तुमी. सुटलेला टाका माज्याकडं आनायचा न्हाई. ठिपकं बी तुमीच भरायचं."

"बरं," ते म्हणाले.

"आन दुकानदाराला सांगायचं, हात कुनाचा हाय ते."

याच्यावर ते लड्या परत पिशवीत भरायला लागले. ते जड आहे त्यांना, मला ठाऊक आहे. अजून सांगितलेलं नाही. दुकानदार अजून फोनवर "काकूंना नमस्कार सांगा, हात सांभाळा म्हणावं" असं म्हणतो, आणि सुभेदार "सांगतो" म्हणतात.

सध्या थंडी आहे. दुपारी मी खिडकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन, अंगावर शाल घेऊन बसते आणि मालिका बघते. डोळ्यांनी बघते. त्यातली एक बाई, जिचा आवाज मी इतके दिवस ऐकत होते, ती दिसायला अगदी वेगळीच निघाली. समोर पलंगावर सुभेदार विणत असतात. त्यांनी नंबर वाढवलेला चष्मा घेतला आहे. सुयांचा आवाज येत राहतो, टक टक, आणि माझी बोटं शालीखाली आपोआप हलतात. मी ती मुठीत धरते.

काल त्यांचा एक टाका सुटला. मला इथून दिसला. त्यांना दिसला नाही, ते पुढं विणत गेले, आणि तो टाका एकेक ओळ करत खाली घसरत पानाच्या कडेपर्यंत गेला. माझा अंगठा दुखला, न हलवताच दुखला. किती सोपं होतं. सुईच्या टोकानं उचलायचा आणि ओळीओळीनं वर आणायचा, दोन मिनिटांचं काम. मी तोंड उघडलं आणि मिटलं. बऱ्याच वेळानं त्यांना कळलं. त्यांनी टोपी दिव्याजवळ धरली, मान वाकडी करून बघितली, आणि सवयीनं माझ्याकडे वळून अर्धवट उठले. मग आठवलं असावं. परत बसले. सुई काढली आणि तेवढा भाग उसवायला घेतला.

मी शालीतून हात बाहेर काढले नाहीत.